किती हळू फिरतं?

मागच्या दिवाळीत ऋचा मला पुण्यातल्या एका हत्यारांच्या दुकानात घेऊन गेली. ऋचा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची, शालनताईची नात. "आजी, तुझे गुडघे आता कुरकुरतात, ते पायाचं यंत्र पुरे झालं, हातात धरायचं विजेवरचं मशीन घेऊ," असं टुमणं तिने वर्षभर लावलेलं. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एकेक मशीन काढून माझ्यापुढे मांडलं. पेनाएवढं बारीक, मक्याच्या कणसाएवढं जाड, वायरचं, बिनवायरचं, लवचिक नळीचं. प्रत्येक मशीन ठेवताना तो एकच गोष्ट सांगायचा, हे मिनिटाला किती हजार फेरे घेतं ते. मी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "सगळ्यात हळू किती फिरतं?" तो म्हणाला, "हळू कशाला पाहिजे, मावशी? लोक जोरात मागतात." मी पिशवीतून सुक्या खोबऱ्याची वाटी काढून त्याच्या काचेवर ठेवली आणि म्हटलं, "लोकांचं लोकांपाशी. मला हिच्यावर चालवायचंय." तो वाटीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. ऋचाला हसू आवरेना, तिला वाटलं आजी थट्टा करतेय. मला थट्टा सुचत नव्हती. हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारला तेव्हा माझ्या दोन वेण्या होत्या, आणि शालनताईची सासरची पहिली पायरी त्याच्या उत्तरावर टेकलेली होती.

आमचं घर विंझरला, वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला. पुढे अंगण, अंगणाला लागून गोठा, आणि पडवीत आईचं शिलाई मशीन. अण्णा, म्हणजे आमचे वडील, भाताची शेती करायचे. आई शेतातलं आवरून पडवीत बसायची आणि निम्म्या गावाची पोलकी शिवायची. त्या मशीनच्या पायडलचा आवाज घराच्या इतका अंगवळणी पडलेला की तो थांबला की आम्ही विचारायचो, आई कुठं गेली? मलाही त्या पायडलवर बसायची सवय झाली होती. आईचे पाय दुखले की मी तिच्या जागी बसून सरळ शिलाया मारायची. पण माझा जीव खरा रमायचा तो कोरण्यात. हातात येईल ते कोरायची मला खोड होती. खडू, भोपळ्याची साल, वाळकी शेंग, काहीही. एकदा अंगाच्या साबणाच्या कोऱ्या वडीवर मोर काढला म्हणून आईने पाठीत धपाटा घातला, आणि मग घरातल्या सगळ्यांनी त्याच मोराने आंघोळी केल्या. अण्णा तर रोज न्हाणीतून बाहेर येऊन सांगायचे, "आज चोच गेली बरं का," "आज पिसारा निम्मा झाला." माझ्या कामाचं पहिलं जाहीर कौतुक ते असं झालं.

शालनताईचं लग्न भोरला ठरलं. मुलगा नोकरीवाला, घर बाजारपेठेत, आणि घरात सत्ता त्याच्या आत्याबाईंची. मुलाची आई तो लहान असतानाच गेलेली, आत्याबाईंनीच त्याला वाढवलेलं. त्यामुळे सासू म्हणा, सासरा म्हणा, सगळं त्याच. अंगाने किडकिडीत, नाकात मोठी नथ, आणि बोलणं असं की समोरच्याने पाण्याचा घोट तसाच तोंडात धरून ठेवावा. साखरपुड्याला आमच्या ओसरीवर बसून चहाची बशी खाली ठेवत त्या आईला म्हणाल्या, "आमच्याकडं बायका रुखवत लई बारकाईनं बघत्यात. तुमच्या खोऱ्यातलं त्ये फिरतं रुखवत आता आमाला पाठ झालंय. त्ये मण्यांचं बैल, त्यो कापसाचा हंस. बगितलं की वळखीचं माणूस भेटल्यावानी वाटतंय."

आता यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे रुखवत खरंच फिरतं होतं. कुणा हौशी बाईने कधीकाळी केलेली मण्यांची बैलगाडी, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, कापसाचा हंस, हे सगळं एका पत्र्याच्या पेटीत भरलेलं असायचं आणि ज्या घरी लग्न त्या घरी ती पेटी जायची. नवऱ्याकडच्या बायका मांडलेलं रुखवत बघायला आल्या की नवरीने केलेलं म्हणून तेच पुढे करायचं. हंसाची मान दोनदा तरी सुईदोऱ्याने शिवलेली होती. सगळ्यांना ठाऊक, आणि कुणी बोलायचं नाही. आत्याबाई बोलल्या.

ताईचा स्वभाव गिळून टाकण्याचा. ती त्या वेळी हसली, पाया पडली, आत गेली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर कळशी भरताना मात्र म्हणाली, "कुसे, मला तितं जलम काढायचाय. पैल्याच दिवशी मान खाली गेली तर ती वर कवा यायची?" तिचे डोळे भरले होते आणि ती कळशीत बघत होती. मला तिचा राग आला, आत्याबाईंचा आला, त्या हंसाचा तर फारच आला. मी म्हणून बसले, "म्या करते तुझं रुखवत. खोबऱ्याच्या पाच वाट्या करते, जाळीच्या. आतनं दिव्याचा उजेड दिसंल अशा. भोरात कुणी बगितल्या नसतील." आधी बोलायचं आणि मग निस्तरायचं, हा माझा स्वभाव तेव्हाही होता आणि आजही आहे. ताईने कळशी खाली ठेवली आणि माझ्या हाताला घट्ट धरलं. त्यानंतर माघार घ्यायची सोय उरली नाही.

सुक्या खोबऱ्याची वाटी हातात धरली की दगडासारखी वाटते, पण ती फसवी असते. वरचं तपकिरी साल हलक्या हाताने खरवडलं की खालून पांढरंशुभ्र निघतं, त्यामुळे रंग न लावता दोन रंगांची नक्षी होते. तिथवर ठीक. जाळीसाठी आरपार भोकं पाडायला गेलं की ती आपला गुण दाखवते. मी दाढीच्या पात्याचा तुकडा, दाभण, छत्रीची घासलेली काडी, असं सगळं करून बघितलं. हत्यार ढकललं की दोन भोकांमधली नाजूक पट्टी टचकन मोडायची. तो 'टच्' आवाज सगळ्या घरात ऐकू जायचा. चुलीपाशी ताईचा भाकरी थापायचा हात थांबायचा. मोडलेलं खोबरं आई निमूटपणे उचलायची आणि पाट्यावर वाटणात घालायची. त्या दिवसांत आमच्याइतकी दाट आमटी गावात कुणी खाल्ली नसेल. अण्णा पहिला घास घेऊन माझ्याकडे बघायचे. आमटी पातळ असली की म्हणायचे, "आज बरं चाललेलं दिसतंय."

मग मामा मदतीला धावला. दिनकरमामा नसरापूरला पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता आणि कोणतीही अडचण मोठ्या मोटरने सुटते यावर त्याची श्रद्धा होती. माझं म्हणणं त्याने ऐकलं. "ढकलून मोडतंय ना? मग फिरणारं हत्यार पायजे. फिरणारं ढकलत न्हाई, खरवडतं." हे त्याचं बोलणं सोळा आणे खरं निघालं. पुढचं मात्र नाही. त्याने आणलं ते वर्कशॉपमधलं ड्रिल मशीन, दोन हातांनी धरायचं, लोखंडाला भोकं पाडणारं. पडवीत वायर लावली, मी वाटी धरली, मामाने बटण दाबलं. वाटी माझ्या हातातून जी सुटली ती भिंगरीसारखी फिरत अंगणात गेली आणि कोंबड्या पांगल्या. दुसरी वाटी मामाने पाटाला खिळे मारून अडकवली. या वेळी ती सुटली नाही, पण टोक खोबऱ्यात शिरलं आणि धूर निघायला लागला. खोबऱ्यातलं तेल तापलं, भोक काळं पडलं, आणि खरपूस वास अख्ख्या आळीत पसरला. तोच शेजारच्या गंगूकाकू कमरेवर हात ठेवून अंगणात हजर. "व्हयनी, आज गुरुवार हाय गं! गुरुवारी मटणाचं वाटण भाजतीस?" आईने शपथा घेतल्या, मामाने जळकी वाटी दाखवली, काकूंनी ती हुंगली. "मग मटण न्हाईच?" असं त्यांनी विचारलं त्यात थोडी निराशाही होती. संध्याकाळी आमटी दाट झाली.

मामा हटणारा नव्हता. पुढच्या खेपेला त्याने मला एसटीत घालून भोरला नेलं, त्याच्या ओळखीच्या सोनाराकडे. सोनाराच्या डोक्यावर खुंटीला एक छोटी मोटर टांगलेली, तिच्यातून सापासारखी लवचिक नळी खाली आलेली, आणि नळीच्या टोकाला बोटभर लांबीची मूठ. मूठ हातात घेतली आणि मी हरखलेच. वजन नाही, हिसका नाही. सोनाराने तसंच एक जुनं मशीन द्यायची तयारी दाखवली. मामा म्हणाला, घेऊन टाकू. घरी सगळ्यांना ते नुसतं ऐकूनच पसंत पडलं. विजेवरचं, नाजूक, सोनारकामाचं, आणखी काय पाहिजे? पण मी तिथेच, त्याच्या पाटावर बसून, बरोबर नेलेल्या वाटीवर ते चालवून बघितलं होतं. पहिली दोन भोकं सुरेख पडली. तिसऱ्याला टोकाभोवती खोबऱ्याचा लगदा जमला, तेल सुटलं, आणि टोक कोरायचं सोडून घसरायला लागलं. मी म्हटलं, जरा हळू करा. सोनार म्हणाला, "हळू होत नाही बाई. हे सोन्या-चांदीसाठी. याला बंद माहीत आणि पळणं माहीत." वर विंझरची वीज. संध्याकाळी दिवे मिणमिणायचे आणि मधेच लख्ख व्हायचे. अर्ध्या नक्षीत मशीन दचकलं की संपलंच. मी घरी येऊन सांगितलं, हे मशीन नको.

घरात माझी जी हजामत झाली ती विचारू नका. मामा फुगून बसला. गंगूकाकू म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. आणि ताईने ती फिरत्या रुखवताची पत्र्याची पेटी सध्या कुणाकडे आहे याची चौकशी केल्याचं माझ्या कानावर आलं. ते मला धपाट्यापेक्षा जास्त लागलं. तरी मी हेका सोडला नाही. मला काय नको ते आता नेमकं कळलं होतं, आणि काय पाहिजे तेही कळलं होतं. ते जगात कुठे असतं एवढंच कळायचं राहिलं होतं. आज मागे वळून बघताना त्या सोळा वर्षांच्या मुलीची पाठ थोपटावीशी वाटते. सगळं घर एकीकडे आणि ती एकटी एकीकडे, आणि बरोबर तीच होती.

ते यंत्र सापडलं अण्णांच्या दाढेमुळे. भाद्रपदाच्या अखेरीस त्यांची दाढ ठणकायला लागली. लवंग झाली, तुरटी झाली, शेवटी मी त्यांना घेऊन भोरला दातांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर वयस्कर, मिश्किल, बोलणं शहरी. अण्णांना त्यांनी दात तपासायच्या विजेवरच्या खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायला सांगितलं. मी कोपऱ्यात उभी, आणि त्याच कोपऱ्यात कापडाने झाकलेलं काहीतरी उभं. कापडाखालून एक पायडल बाहेर आलेलं. पायडल दिसलं की मला राहवत नसे. मी कापड उचललं. लोखंडी खांब, खाली पायडल, त्याच्यावर मोठं चाक, चाकावरून वर गेलेली दोरी, वर घडी पडणारा लांब हात, आणि त्या हाताच्या टोकाला बोरूएवढी नळी.

"डॉक्टर, हे काय हाय?"

"ते आमचं जुनं यंत्र. वीज नव्हती तेव्हा दात त्यावरच कोरायचो. अजूनही तुमच्या वेल्ह्याकडे तपासणीला जातो तेव्हा नेतो कधीकधी."

"सगळ्यात हळू किती फिरतं?"

डॉक्टरांनी वळून माझ्याकडे बघितलं. अण्णा तोंड वासून तसेच. "तुझा पाय ठरवेल तितकं," डॉक्टर म्हणाले. "पाय सावकाश, तर ते सावकाश. पाय थांबला की तेही थांबलं."

माझ्या पिशवीत वाटी होतीच. त्या दिवसांत मी देवळात जातानाही वाटी घेऊन जायची. म्हटलं, मी चालवून बघू का? डॉक्टरांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी कागदात गुंडाळलेलं एक कोरं टोक काढून नळीत बसवून दिलं. स्टूल ओढून मी बसले आणि पाय पायडलवर ठेवला. पुढचं मला शिकवावं लागलं नाही. आईच्या पोलक्यांच्या गळ्यांना वळसे घालताना जो पाय हळू व्हायला शिकला होता तोच पाय इथेही कामाला आला. जाड भागात जरा जोर, नाजूक पट्टीपाशी आलं की अगदी गोगलगाय, आणि पट्टीला टोक लागतंय असं वाटताक्षणी पाय थांबलेला. पांढरा भुगा मैद्यासारखा माझ्या मांडीवर पडत होता. धूर नाही, लगदा नाही. मी एक अख्खी ओंबी कोरली, आंबेमोहराची, दाण्यांच्या भाराने वाकलेली, दाण्यादाण्यात आरपार उजेड. मान वर केली तर डॉक्टर माझ्या डोक्यावरून वाकून बघत होते आणि अण्णा खुर्चीतून उठून, गालाला हात लावून, त्यांच्या शेजारी उभे होते. अण्णांना दुखण्यामुळे बोलता येत नव्हतं. त्यांनी नुसती माझ्या पाठीवर थाप मारली, ती मला अजून जाणवते. डॉक्टर म्हणाले, "लग्न होईपर्यंत घेऊन जा. माझ्याकडे धूळच खातंय." आणि कोऱ्या टोकांची एक डबीही त्यांनी दिली. पुढे लग्नानंतर मी यंत्र परत द्यायला गेले तेव्हा त्यांनी ते घेतलंच नाही.

नसरापूरपर्यंत एसटीच्या टपावर आणि तिथून कुणाच्या तरी टेम्पोतून यंत्र घरी आलं. आईने ते बघितलं, काय आहे ते विचारलं, आणि दारातच हात आडवा धरला. "दातांचं? जगाच्या तोंडात फिरलंय त्ये. रुखवतातलं खोबरं चार घरी वाटत्यात, देवापुढं ठेवत्यात. उष्टं करून द्यायचं व्हय?" मी सांगितलं, तोंडात जातं ते टोक, आणि टोकं कोरी आहेत, बघ कागदसुद्धा निघालेला नाही. नळी पाण्यात उकळते म्हटलं, उकळलीही. पण उष्टं ते उष्टं, त्याला उकळणं लागू पडत नाही. शेवटी तोड निघाली ती अशी की यंत्र गोठ्यात राहील, आणि मी तिथे लाकडावर, भोपळ्यावर, कशावरही हात चालवीन, खोबऱ्याला मात्र लावणार नाही. गंगूकाकूंनी गोठ्यात डोकावून सगळं बघून घेतलं आणि दोन दिवसांत विंझरच काय, पार किकवीपर्यंत बातमी गेली की अमक्यांच्या शालनचं रुखवत दात पाडायच्या मशीनवर होणार. बातमी किकवीला गेली म्हणजे भोरला गेलीच. ताई आता जेवायलाही नीट बसेना.

मी गोठ्यात म्हशीच्या शेजारी बसून पाय मारत राहिले. यंत्र जुनं, चाक करकरायचं, लय तुटायची. पडवीत आई पोलकं शिवत असायची. तिला तो तुटका ताल ऐकवेना. उष्ट्याचं तिला वाईट वाटत होतं ते खरं, पण कुणी पायडल वाईट चालवलेलं तिला त्याहून सहन होत नसे. एके दिवशी ती तेलाची कुपी घेऊन गोठ्यात आली, चाकाच्या आसात तेल सोडलं, दोरी ताणून बघितली, गाठ सोडून परत मारली. मग माझ्या पायाकडे बघून म्हणाली, "हात आदी उचलतीस आन् पाय मागनं थांबवतीस. उलटं कर. पाय आदी, मग हात. न्हाईतर टाका सुटतो." मी तसं केलं. फरक इतका पडला की मला रडूच आलं. आज शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिलं वाक्य तेच सांगते, आणि टाका कसला ते समजावून सांगत बसत नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. अंगणात सारवून विळे, कोयते, नांगराचा फाळ मांडला होता, आणि पडवीत आईच्या मशीनला झेंडूची माळ. आई गोठ्यात गेली आणि ते यंत्र एकटीने ओढत बाहेर घेऊन आली. आपल्या मशीनशेजारी उभं केलं, पुसलं, चाकाला हळदकुंकू लावलं, माळ घातली. ती अण्णांना म्हणाली, "नवमीची पूजा झाली म्हंजी हत्यार घरचं झालं. आता उष्टं म्हनायची कुनाची टाप हाय?" आणि मग माझ्याकडे वळून, "लाग कामाला. दिवस ऱ्हायल्यात थोडं."

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, असं म्हटलं तर माझ्या नवऱ्याने कधी वाईट वाटून घेतलं नाही. बाहेर भातकापणी चाललेली, खळ्यावर पेंढ्या झोडपल्याचा धप्प धप्प आवाज, घरभर आंबेमोहराचा वास. दिवसभर शेतात, आणि ऊन कललं की पडवीत आम्ही दोघी मायलेकी शेजारी शेजारी, तिचं पोलकं आणि माझी वाटी. दोन पायडलांचे आवाज कधी एकत्र पडायचे, कधी एकमेकांच्या मागे धावायचे. ताई मधेच वालाची उसळ आणि गरम भाकरी आणून ठेवायची आणि पाचव्या वाटीवर हात न लावता नुसतं बोट फिरवल्यासारखं करायची. आमटी त्या दिवसांत कायम पातळ होती आणि अण्णांनी एकदाही तक्रार केली नाही. मामा एका रविवारी आला, त्याने वाकून यंत्र बघितलं, स्वतः पाय मारून बघितला, आणि कबूल केलं, "कुसे, मोटर न्हाई हेच ह्याचं चांगलं हाय." त्याच्या तोंडून हे निघणं म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

तुळशीचं लग्न झालं आणि मार्गशीर्षात आमच्या अंगणात ताईचं. सकाळी माजघरात मी रुखवत मांडलं. हंस नाही, बैल नाही. मधे समई आणि तिच्याभोवती पाच वाट्या अशा टेकवलेल्या की ज्योतीचा उजेड त्यांच्या ओंब्यांतून पलीकडच्या भिंतीवर पडावा. भिंतीवर भाताचं शेत उभं राहिलं होतं. नवऱ्याकडच्या बायका आल्या आणि उंबऱ्यातच त्यांचं बोलणं बंद पडलं. पण कौतुकाचा शब्द कुणी काढेना. सगळ्या आत्याबाईंची वाट बघत होत्या. आत्याबाई आल्या, नथ सावरत वाट्यांपुढे उभ्या राहिल्या, भिंतीकडे बघितलं, वाट्यांकडे बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "हेच का त्ये, दातांच्या मशीनचं?"

आमच्या बाजूच्या बायकांनी माना खाली घातल्या. गंगूकाकू एका खांबामागे गेल्या. आईचा चेहरा उतरला. मुंडावळ्या बांधलेली ताई पाटावर बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं, आणि ती विहिरीवरची नजर मला परत दिसली. आत्याबाई म्हणाल्या असत्या उष्टं, तर ते ताईला जन्मभर पुरलं असतं. मला वाटलं, खोटं सांगावं काय? पण ज्या यंत्रासाठी मी सगळ्या घराशी भांडले ते मी का लपवू? मी पुढे झाले. "व्हय, त्याच मशीनचं. म्या केलंय, पायानं चालवून. आईनं नवमीला पुजलंय. भोरात असं दुसरं असंल तर दावा."

आत्याबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग त्या वाकल्या, समईपुढची मधली वाटी उचलली, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिच्यातली ओंबी कडकन मोडून तोंडात टाकली. सगळ्यांसमोर, सावकाश, नथ हलवत त्या चावत राहिल्या. गिळलं. "गोड हाय," त्या म्हणाल्या. "घ्या गं, सगळ्या जनी घ्या कनभर कनभर. आमच्या सुनंच्या घरचं हाय." आणि मोडलेली वाटी त्यांनी मागच्या बायकांपुढे धरली. त्यांनी खाल्लं म्हटल्यावर आता उष्ट्याचं नाव काढायची कुणाची ताकद नव्हती. आईने पदराने डोळे टिपले. ताईची मान वर होती.

आणि मी काय केलं? मी पाय आपटला. "आत्याबाई, कडंचं मोडायचं की! मधली ओंबीच मोडली! सगळ्यात बारीक काम तितंच हुतं!"

आधी ताईच हसली. मुंडावळ्या हलेपर्यंत, नवरीने हसू नये असं खळखळून हसली, आणि मग सगळं माजघर हसलं. आत्याबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बोटाला लागलेला खोबऱ्याचा भुगा चाटला, भिंतीवरच्या शेतात पडलेल्या त्या एका खिंडाराकडे बघितलं, आणि अगदी साधेपणाने म्हणाल्या, "मोडली तर मोडली. तुला येतंय की."

मला येत होतं.